कुणाचं वळण

त्या शनिवारी माझ्याकडे काम एकच होतं, टॉर्च धरायचा. पलीकडच्या आजींच्या जेवणाच्या टेबलावर जुनी फ्लॅनेलची चादर अंथरली होती आणि तिच्यावर पाच फुटी बंदूक निजवली होती, तापाने फणफणलेल्या माणसाला निजवावं तशी, दोन्ही बाजूंनी उशा लावून. टेबल पुरत नव्हतं. नळीचं टोक बाहेर आलं होतं आणि त्याला कुणाचं कोपर लागू नये म्हणून आजींचा नातू तिथे खुर्ची टाकून राखणीला बसला होता. बंदूक त्याच्या पणजोबांच्याही आधीपासून घरात, जिन्याच्या वरच्या भिंतीवर. आता आजी घर विकून लेकीकडे राहायला जाणार, म्हणून भिंतीवरचं सगळंच खाली उतरलं होतं. कारागिराचं नाव नातवाने आधीच शोधून काढलं होतं. शोधायचं काय त्यात, लॉकवर कोरलेलंच होतं: गोल्चर. तीन पानं छापूनही आणली होती त्याने. घरात चालत आलेली गोष्टही जुळत होती, की हे गोल्चर म्हणजे आजोबांच्या आजोबांचे कुणीतरी मामा आणि त्यांनी ही बंदूक स्वतः घडवून भाच्याला लग्नात दिली.

बघायला आलेले गृहस्थ सत्तरीचे. जुन्या फर्निचरची डागडुजी करण्यात हयात गेलेली, आणि या लांब नळीच्या रायफलींचा नाद. पेन्सिल्व्हेनियाच्या आमच्या या भागात असा नाद असलेली माणसं बऱ्यापैकी भेटतात, आपल्याकडे प्रत्येक गावात एक तरी नाणीवाला असतो तशी. त्यांनी आल्या आल्या नावाकडे बघितलंच नाही. चष्मा कपाळावर सारून आधी बंदुकीची पाठ बघितली, म्हणजे दस्त्याची वरची रेघ. मग पोटाकडची. मग बंदूक उलटी करून गाल टेकवायचा उंचवटा असतो तिथे अंगठा फिरवला, डोळे मिटून. नातू चुळबुळ करत छापील पानं पुढे सरकवत होता. शेवटी ते म्हणाले, "गोल्चर लॉक बनवायचे, बाळा. फिलाडेल्फियात. त्यांच्या नावाचं लॉक असलेल्या बंदुका मी कितीतरी बघितल्यात. प्रत्येक वेगळ्याच माणसाने केलेली."

लॉक म्हणजे चाप ओढल्यावर घोडा पडतो ती सगळी यंत्रणा. पुष्कळ बंदूकवाले ती स्वतः करतच नसत, तयार विकत घेत. इंग्लंडहून पिंपंच्या पिंपं भरून यायची, नंतर फिलाडेल्फियातूनही मिळायला लागली. तेव्हा लॉकवरचं नाव वाचून बंदूक कुणाची ते सांगणं म्हणजे हुकाच्या पाकिटावरचं नाव वाचून ब्लाउज कुणी शिवला ते सांगण्यापैकी. एवढं ऐकून नातवाचा चेहरा पडला. पण आजींचा नाही. त्या हातातला कॉफीचा कप खाली ठेवून सरळ म्हणाल्या,

"मग ही कुणाची?"

हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात भुंग्यासारखा फिरतोय.

खरं तर मला बंदुकांशी काही देणंघेणं नाही. या देशात एकोणीस वर्षं काढली, पण एकाही बंदुकीला हात लावलेला नाही आणि लावायची इच्छाही नाही. मुलगी शाळेत असताना वर्गातल्या दाराला कडी लावून, दिवे घालवून, कपाटामागे गप्प बसायची कवायत करून यायची आणि रात्री जेवताना ते सहज सांगायची, भूकंपाच्या कवायतीसारखं. तेव्हा घास घशात अडकायचा. त्यामुळे आजींच्या जिन्यावरून जाताना भिंतीवरच्या त्या लांबड्या वस्तूकडे मी बघायचंच टाळायचे. माझी उंची पाच फूट एक इंच. चादरीवर निजवलेली असताना लक्षात आलं, की ही बाई माझ्याच मापाची आहे. आणि तिचं लाकूड! त्या मेपलला इथे 'कर्ली' म्हणतात. आडव्या लाटा असतात त्यात, वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांसारख्या, आणि टॉर्च हलवला की त्या लाटा सरकतात. रंगवून काढलेल्या नव्हेत, झाडाच्या अंगातल्याच. मी मुद्दाम दोनदा टॉर्च हलवला. "स्थिर धर," ते म्हणाले.

मला माहीत असलेली एकमेव बंदूक कोकणातली, आजोबांची. ठासणीची. शेतीच्या राखणीसाठी परवाना काढलेली, माजघरात वरच्या फळीवर, गोणपाटात गुंडाळलेली. वानरं फणसावर आली किंवा डुकरांनी वरकस जमिनीतली कणगं उकरली, की ती खाली यायची. आधी दारू, मग काथ्याचा बोळा, तो गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा. मागे केप बसवायची, म्हणजे घोडा पडला की पेटणारी छोटी टोपी. एवढं होईपर्यंत वानरं पलीकडच्या वाडीत पोचलेली असत. पण बार झाला की साऱ्या वाडीला कळायचं की अमक्यांच्या परड्यात वानरं आली होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, निकाल लागल्यावर परत आणायची. आजोबा या येरझाऱ्यांना वैतागून म्हणायचे, मतं मी देतो, बंदूक देत नाही, तिला कशाला नेता. आणि इथे आजींच्या टेबलावर तिचीच थोरली बहीण, जिला कसलाही परवाना लागत नाही, कारण 1898 किंवा त्याआधी बनलेल्या बंदुकीला इथला केंद्रीय कायदा 'अँटिक' मानतो, जुन्या कपाटासारखी. एकदा सुट्टीत मी धाकट्या काकांना विचारलं होतं, आपली बंदूक कुणी केली? काका नळीत चिंधी घालत म्हणाले, "कोणाक ठावक? वाजता मा, झाला."

तिच्यावर परवान्याचा नंबर होता ठोकलेला. दुसरं काहीच नाही.

तर टॉर्च. गृहस्थांनी कातड्याची एक गुंडाळी उलगडली. आत दाभणासारख्या बारीक पोलादी सळ्या, लाकडी मुठीचे पेचकस, आणि सोनाराची असते तशी छोटी हातोडी. नळी दस्त्याला बारीक खिळींनी जखडलेली असते. त्या एकेक करून अलगद ठोकून बाहेर काढल्या आणि चादरीवर ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने मांडल्या. मग मागचा मोठा स्क्रू. मग दोन्ही हातांनी, तान्ह्या मुलाला मानेखाली हात घालून उचलतात तशी, त्यांनी नळी वर उचलली. खालची लाकडाची पन्हाळ उघडी पडली आणि मला एकदम वास आला, जुन्या तेलाचा, आणि त्याच्याआड कोरड्या लाकडाचा, आमच्या माळ्यावरच्या पेटाऱ्यातून यायचा तसा. बाहेरून तो मेपल काकवीच्या रंगाचा झालाय. आत मात्र फिकट. हातांचा घाम, चुलीचा धूर, दोनशे वर्षांचा उजेड, काहीच तिथवर पोचलेलं नाही. पन्हाळीच्या तळाशी पटाशीचे घाव जसेच्या तसे होते. वरून एवढी गुळगुळीत बंदूक, आणि आत मात्र तो माणूस घाईत होता. कुणी बघणार नाही म्हणून पुढचे घाव लांब लांब मारलेले. एका ठिकाणी पटाशी जरा खोल गेली होती, तशीच सोडून दिलेली.

मग त्यांनी लॉक सोडवलं आणि ज्या खोबणीत ते बसतं तिच्या मागच्या टोकाशी मला टॉर्च धरायला सांगितलं. तिथे नखाएवढा मेपलचा एक तुकडा वेगळा बसवला होता. रेषा जुळत नव्हत्या, लाटा तुटल्या होत्या. म्हणजे आधीचं लॉक लांब शेपटीचं असणार. ते काढून नंतर कुणीतरी हे आखूड लॉक बसवलं आणि मागे राहिलेली फट बुजवली. आधीचं चकमकीचं असणार, गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पाडणारं. 1830-40 च्या सुमारास केपांचा जमाना आल्यावर लोकांनी धडाधड बंदुका बदलून घेतल्या, त्यातलीच ही. थोडक्यात, गोल्चर या घरात आले तेव्हा बंदूक चांगली तीस-चाळीस वर्षांची होती. मामा भाच्यापेक्षा लहान निघाले! आजी यावर खळखळून हसल्या, नातू हसला नाही.

नळीच्या वरच्या पाटीवर अक्षरं असतात, असलीच तर. या नळ्या अष्टकोनी, आणि डोळ्यासमोर येते त्या वरच्या पाटीवर कारागीर सही कोरायचा. इथे नुसत्या डोळ्यांना काहीही दिसत नव्हतं. "टॉर्च आडवा धर. अजून आडवा. जवळजवळ टेकव." मी टॉर्च नळीला समांतर धरला, आणि त्या तपकिरी लोखंडातून सावल्या उठल्या. आधी एक 'जे'. मग टिंब. मग एक अक्षर, जे बीही असू शकतं, डीही, आरही. पुढे घासून गेलेलं. पिढ्यानपिढ्या कुणीतरी दर नाताळाला प्रेमाने पॉलिश करत राहिलं आणि करता करता नाव पुसून टाकलं. गृहस्थांनी भिंग लावून किती तरी वेळ बघितलं. गंजाचे खड्डे अक्षराच्या रेघेतही उतरलेत का, की रेघ खड्ड्यांना कापून गेलीय, हे ते बघत होते. रेघ खड्ड्यांवरून गेली असेल तर अक्षर गंजानंतरचं, म्हणजे कुणीतरी पैशासाठी मागाहून कोरलेलं. नामांकित सही असली की किंमत कुठल्या कुठे जाते, त्यामुळे असे उद्योग चालतात. इथे खड्डे रेघेच्या पोटातही होते. म्हणजे सही खरी. पण खऱ्या सहीचं करायचं काय? 'जे' म्हणजे याकोब, जॉन, योहान. इथल्या जर्मन घरांमध्ये पोरामागून पोराचं पहिलं नाव योहान ठेवायची पद्धत होती, हाक मारायची ती दुसऱ्या नावाने. शिवाय त्या काळी 'आय'सुद्धा 'जे'सारखाच काढायचे. आपल्याकडे एकेकाळी प्रत्येक चाळीत पाच सुरेश असायचे, त्यातला नेमका कोणता हे 'सु' एवढ्यावरून शोधा म्हटल्यासारखं झालं.

नातवाने अजून हार मानलेली नव्हती. दस्त्याच्या मानेवर, बंदूक धरल्यावर अंगठा येतो तिथे, एक चांदीची लंबगोल चकती आहे. तिच्यावर दोन अक्षरं अगदी ठसठशीत. "हे बघा!" गृहस्थांनी मान हलवली. ती जागा मालकाची. ज्याने पैसे मोजले त्याची.

हे मात्र मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या बैठकीच्या खोलीत एक तांब्याचं घंगाळ आहे, आईच्या लग्नातलं. मी ते विमानातून, कपड्यांनी ठासून भरून, भलत्याच वजनाचे पैसे भरून इथे आणलं आणि आता त्यात मनीप्लांट आहे, ते सोडा. त्याच्या काठावर कोरलंय, 'चि. सौ. कां. अमकी हिचे विवाहप्रसंगी मामांकडून सप्रेम भेट', आणि तारीख. आपल्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर असतंच काहीतरी. भांड्यांच्या दुकानाच्या दारात तो माणूस स्टुलावर बसलेला असायचा, मांडीत पातेलं, हातात ते घर्र करणारं यंत्र. पैसे अक्षरावर, म्हणून मग 'कडून'चं 'क.' व्हायचं, आडनावाचं नुसतं पहिलं अक्षर राहायचं. देणाऱ्याचं नाव, घेणारीचं नाव, तारीख, कधी वास्तुशांत, कधी मुंज. ज्याने तो पत्रा ठोकून ठोकून गोल केला त्याचं नाव कुठल्याही भांड्यावर मी आजवर बघितलेलं नाही. माझी मुलगी उद्या तिच्या पोरांना बिनदिक्कत सांगेल की हे आजीच्या मामांनी घडवलं. मामा टपाल खात्यात होते. त्यांनी जन्मात हातोडी धरली असेल ती गणपतीचं मखर ठोकायला.

त्या रात्री आईला फोन लावला. आईचं माहेर कसब्यातलं, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. घंगाळ कुणी केलं म्हणून विचारलं तर म्हणाली, आता काय सांगू, मामाने आणलं, कुणाकडून आणलं ते तोच जाणे. मग जरा थांबून म्हणाली, "काठाच्या खाली हात घाल बरं." घातला. "मठार बघ. ठोके तिरके जातात ना, डावीकडून वर?" गेले होते. घंगाळाभोवती सगळे ठोके एका बाजूला कललेले, पावसाच्या तिरक्या सरीसारखे. "मग तो डावरा. आळीत एकच डावरा होता. दिवसभर आवाज यायचा त्याचा, इतरांहून वेगळा, एक जड एक हलका. आम्ही त्या तालावर पाढे म्हणायचो." नाव? "अगं, त्याला सगळे डावऱ्याच म्हणायचे."

तर आता त्या गृहस्थांनी काय ओळखलं ते. नाव नसलेली बंदूक ते 'स्कूल'वरून लावतात. मी मनात आधी त्याचं 'घराणं' केलं, गाण्यातल्यासारखं, पण जरा वेळ ऐकल्यावर वाटलं की आपला शब्द दुसराच आहे: वळण. अक्षराचं असतं तसं. हे कारागीर जर्मनी-स्वित्झर्लंडकडून अठराव्या शतकात इकडे आलेल्यांपैकी किंवा त्यांची मुलं. तिकडची शिकारी रायफल आखूड आणि मोठ्या तोंडाची होती. इथल्या जंगलात दिवसेंदिवस फिरणाऱ्याला शिसं आणि दारू वाचवायची होती, म्हणून नळी लांबली, भोक बारीक झालं, आत पेचदार चर. गोळी तेलकट फडक्यात गुंडाळून ठासायची, आणि त्या फडक्यांसाठी दस्त्यात उजव्या बाजूला पितळी झाकणाची डबी. पुढे या बंदुकीला सगळं जग 'केंटकी रायफल' म्हणायला लागलं, ज्यांनी ती खांद्यावर टाकून केंटकी गाठलं त्यांच्यावरून. घडली ती बहुतेक इथे, लँकेस्टर, बर्क्स, यॉर्क, लेबनन अशा काउंट्यांत. पोरगं उस्तादाकडे उमेदवारीला राहायचं, वयाची एकविशी गाठेपर्यंत. तेवढ्या वर्षांत दस्त्याची रेघ कशी ओढायची ते डोक्यात नव्हे, खांद्यात बसायचं. म्हणून लँकेस्टरची बंदूक पाठीला आणि पोटाला सरळ रेघेची, मागे त्रिकोणासारखी. लीहाय खोऱ्यातलीची पाठ बाकदार, नाकाच्या घोण्यासारखी. बेडफर्डची सडपातळ, लॉकही लांबट, किडकिडीत. त्या शनिवारनंतर मी नवऱ्याला ओढत नॅझरेथजवळच्या रायफल संग्रहालयात घेऊन गेले, आणि एका भिंतीवर ओळीने लावलेल्या बंदुका बघताना, पाटी न वाचता, "ही लीहायची" असं माझ्या तोंडून गेलं. बरोबर निघालं. एवढा आनंद मला गेल्या वर्षीच्या बढतीचाही झाला नव्हता.

आजींची बंदूक लँकेस्टरची. रेघा सरळ, आणि पितळी डबीच्या वरच्या टोकाला पाकळ्यांचं फूल, डेझीचं. ही लँकेस्टरची खूणच समजा. याकोब डिकर्ट नावाचा मोठा कारागीर होता इथे, 1740 मध्ये माइंझला जन्मलेला, 1822 मध्ये इथेच वारला. त्याच्या बंदुकांवर ते फूल असतं. 'जे. डी.'! नातवाचे डोळे पुन्हा चमकले. पण गृहस्थ म्हणाले, डिकर्टचं फूल मला माझ्या बायकोच्या सहीइतकं ओळखीचं आहे आणि हे ते नाही. हे त्याच्या शेजारी बसून शिकलेल्याचं, किंवा त्याच्याकडे शिकलेल्याकडे शिकलेल्याचं.

मग त्यांनी मला डबीच्या झाकणावर टॉर्च धरायला लावलं.

पितळेवर वेलबुट्टी कोरलेली होती. दोन्ही बाजूंना दोन वळसे, समोरासमोर, आरशात बघितल्यासारखे. डावा वळसा झकास. उजवा वळसा अर्ध्यावर येतो, आणि तिथे एक रेघ भलतीकडेच सुटलीय. कोरणी निसटली होती. सरळ, बारीक, तीळभर लांब रेघ, वेलीच्या बाहेर. पितळ खोडता येत नाही. त्या माणसाने काय केलं, तर त्या चुकलेल्या रेघेला दोन्ही अंगांनी दोन कमानी काढल्या आणि तिचं पान केलं. चुकलेली रेघ पानाची शीर झाली. आता डाव्या वेलीला पान नाही, उजवीला आहे. जोड बिघडली ती बिघडलीच, पण वेल जिवंत वाटायला लागली. मी टॉर्च धरून उभी होते आणि मला तो क्षण दिसला. निसटलेली कोरणी, तोंडातून गेलेली शिवी, बहुधा जर्मन, मग मागे रेलून जरा वेळ नुसतं बघत बसणं. रांगोळी काढताना ठिपका चुकला की आई हेच करायची. चुकलेल्या ठिपक्याची कळी.

गृहस्थ पुटपुटल्यासारखं म्हणाले, "हे पान मी बघितलंय." म्हणजे हे नव्हे, याचं भावंड. काही वर्षांपूर्वी एकांच्या घरी आलेली बंदूक, तीही लँकेस्टर वळणाची, तिच्या डबीवर रेघ चुकलेली नव्हती, तरीही उजव्या वेलीला एक पान होतं. डावीला नव्हतं. म्हणजे एकदा चुकीतून निघालेलं पान पुढे त्याला आवडलं आणि तो ते मुद्दाम काढत राहिला. "मग ती बंदूक कुणाची होती?" नातवाने घाईने विचारलं. गृहस्थ हसले. तिच्यावर तर सहीच नव्हती.

इतका ओळखीचा माणूस, आणि त्याला हाक मारायला नाव नाही.

मी विचारलं की हे लोक सही का करायचे नाहीत. काहीजण करायचे, ते म्हणाले, ख्रिश्चन ओर्टरसारखे तर नळीवर सालही घालायचे, 1775 वगैरे. पण दुसऱ्याच्या दुकानात मजुरीवर बसलेला माणूस कुठे सही करणार? आणि गिऱ्हाईक दोन शेतं पलीकडचं असेल तर सांगायचं कुणाला? त्याला माहीतच आहे. जुन्या कर-याद्यांमध्ये नावापुढे धंदा लिहिलेला असतो, त्यात बंदूकवाले सापडतात. मृत्यूनंतर घरातल्या वस्तूंची यादी व्हायची, त्यात नळीला चर पाडायचा बाक, कानशी, अर्धवट दस्ते सापडतात. तेव्हा एका हाताला अशी नावं, ज्यांची एकही बंदूक माहीत नाही. दुसऱ्या हाताला अशा बंदुका, ज्यांना नाव नाही. आणि मधे हे नादिष्ट लोक, वधूवर सूचक मंडळ उघडून बसल्यासारखे, पत्रिका जुळवत. कधीतरी एखादं लग्न जमतं. बरीच मोडतात, दुसरी सही असलेली बंदूक उगवते आणि सगळं ठरलेलं फिसकटतं.

एक गोष्ट मात्र त्या टेबलावर कुणी बोललं नाही, मीही नाही. आम्ही गावातल्या फुल्टन नाट्यगृहात अधूनमधून नाटक बघायला जातो. त्या जागी पूर्वी तुरुंग आणि सुधारगृह होतं. 1763 च्या डिसेंबरात, 14 तारखेला कोनेस्टोगा या मूळच्या लोकांच्या वस्तीवर जमावाने हल्ला करून सहा जणांना मारलं. वाचलेल्या चौदा जणांना संरक्षण म्हणून लँकेस्टरच्या त्या सुधारगृहात आणून ठेवलं. 27 तारखेला जमाव तिथेही आला आणि चौदाही जणांना मारून गेला, लेकराबाळांसह. लँकेस्टरात तेव्हाही बंदुका घडवणारे होते. आजींची बंदूक त्यानंतरची, तिचा त्याच्याशी संबंध नाही, हे मला कळतं. तरी पानावरून टॉर्च हलेना आणि मनातून ते जाईना. जो हात चुकलेल्या रेघेचं पान करतो तोच हात नळीत सात चर पाडतो, गोळी सरळ जावी म्हणून. आजोबांच्या बंदुकीने मेलेलं एक वानर मी लहानपणी बघितलंय. त्याचे तळवे माणसासारखे होते. त्यानंतर मी कितीतरी दिवस आजोबांच्या मांडीवर बसले नव्हते, आणि बंदुकीचा पितळी कडा मात्र मला आवडायचा, गार असायचा, त्याला गाल लावायची मी. दोन्ही खरं आहे.

बंदूक पुन्हा जोडली. खिळी त्याच क्रमाने परत गेल्या. गृहस्थांनी पैसे घेतले नाहीत, कॉफी मात्र तीन कप प्यायले.

दोन आठवड्यांनी सामान न्यायला गाडी येणार होती, त्याच्या आदल्या संध्याकाळी आजींनी हाक मारली. बंदुकीला बांधायला चिठ्ठी हवी होती. लेकीच्या घरी पोचल्यावर कुणी पुन्हा गोल्चर म्हणायला नको. त्यांचे हात हल्ली थरथरतात, नातवाचं अक्षर गाळात गेलेलं, म्हणून मी. जाड कार्ड, काळं पेन, त्या सांगतील तसं. "रायफल. लँकेस्टर. ज्याने चुकलेल्या रेघेचं पान केलं त्याने घडवलेली." मग नातवाच्या आग्रहाखातर खाली बारीक अक्षरात, "लॉक नंतरचं." आजींनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, भिंग मागितलं. मला वाटलं स्पेलिंग चुकलं. त्या पहिल्याच अक्षराकडे बघत होत्या. "हा आर तू कुठे शिकलीस? याचा पाय रेघेखाली उतरतो आणि परत वर वळतो. असा आर मी कुठेच बघितला नाही."

मी स्वतः तो आर पहिल्यांदाच नीट बघितला. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून. चार रेघी वही, आणि फळ्यावर बाई. बाई आर काढताना शेवटचा पाय खाली ओढायच्या आणि खडू उचलायच्या आधी मनगटाला एक हिसका द्यायच्या, पाय वर वळायचा. बहुतेक खडू मोडू नये म्हणून देत असतील. आमचा आख्खा वर्ग तसाच आर काढतो. आजींना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, नाव काय बाईंचं? मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

रात्री शाळेच्या ग्रुपवर विचारलं. दोघींनी लगेच कागदावर आर काढून फोटो टाकले, पाय खाली, हिसका, वर. बाईंच्या आडनावावर मात्र तिघांची तीन मतं पडली.